डोळ्याचे माप आणि काचबिंदूचे भाकीत

रोग ओळखणे ही वैद्यकाची पहिली विद्या होय. तो रोग पुढे कसा वागेल हे आधी सांगणे ही दुसरी विद्या, आणि ती पहिलीपेक्षा पुष्कळ अवघड आहे. दवाखान्यात गेलेला माणूस आपल्याला काय झाले आहे हे विचारतो खरे, परंतु त्याच्या मनातला खरा प्रश्न ‘आता पुढे काय होणार?’ हाच असतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मापाने देता येईल काय, याचा शोध माणसाने कसा घेतला, हे आम्ही आज एकाच रोगाच्या निमित्ताने पाहणार आहोत. तो रोग म्हणजे काचबिंदू. आणि त्यातही ज्याला बंद कोनाचा काचबिंदू म्हणतात तो प्रकार. या इतिहासात अंगठ्याच्या रुंदीने डोळा मोजणारे आपले प्राचीन वैद्य आहेत, बर्लिन, बर्मिंगहॅम व मेलबर्न येथील डॉक्टर आहेत, आणि वेल्लोरकडची व आपल्या नागपुराजवळच्या खेड्यांतली साधी माणसेही आहेत.

आरंभीच एक घोटाळा दूर केलेला बरा. आपल्याकडे मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे इतकी जवळची आहेत, की पुष्कळांना हे दोन्ही एकाच कुळातले वाटतात. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग धुरकट होते. ते काढून दुसरे बसविले की दृष्टी परत येते. म्हणून ‘पिकू द्या, मग बघू’ असे म्हणण्याची रीत पडली. काचबिंदूत मात्र डोळ्यातील दाबामुळे दृष्टीचा मज्जातंतू झिजत जातो, आणि जी दृष्टी एकदा गेली ती कोणत्याही उपायाने परत येत नाही. राहिलेली सांभाळावयाची एवढेच हाती उरते. मोतीबिंदूची म्हणून वाट पाहावी आणि आत काचबिंदू असावा, असे झाले म्हणजे त्या वाट पाहण्याची किंमत फार मोठी पडते. काचबिंदूचेही दोन मुख्य प्रकार आहेत, खुल्या कोनाचा आणि बंद कोनाचा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजाप्रमाणे काचबिंदूच्या एकूण रुग्णांत बंद कोनाचे रुग्ण सुमारे एक चतुर्थांश होते. परंतु काचबिंदूने दोन्ही डोळे गमावलेल्यांत त्यांचा वाटा जवळजवळ निम्मा होता. बंद कोनाचे हे रुग्ण बहुतांशी आशिया खंडातले. तेव्हा हा प्रश्न परमुलखाचा नव्हे, आपल्या घरचाच आहे.

आता हा ‘कोन’ म्हणजे काय? नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर जगणाऱ्या या भागातील श्रोत्यांना तो समजावयास कठीण नाही. शेताला पाणी देणारी चारी जितकी महत्त्वाची, तितकाच पाणी बाहेर काढणारा चर महत्त्वाचा. चर बुजला, निचरा थांबला, की चांगली काळी जमीन चोपण होते, हे ऊस पिकविणाऱ्याला सांगावे लागत नाही. डोळ्यातही असेच पाणी खेळत असते. हे अश्रूंचे पाणी नव्हे. डोळ्याच्या आत, बुबुळातल्या रंगीत पडद्याच्या मागे ते सतत पाझरते. पडद्याच्या मधल्या भोकातून, म्हणजे बाहुलीतून, पुढच्या कप्प्यात येते. आणि समोरची पारदर्शक काच व रंगीत पडदा जेथे कडेला मिळतात, त्या कोपऱ्यातील चाळणीतून बाहेर पडते. दीड-दोन तासांत या कप्प्यातले सारे पाणी बदलले जाते. त्या कोपऱ्यालाच कोन म्हणावयाचे. कोन खुला असला तरी चाळणी निकामी होऊ शकते. तो खुल्या कोनाचा काचबिंदू. परंतु पडदाच पुढे सरकून त्या चाळणीवर टेकला, तर निचऱ्याचे तोंडच बंद होते, पाणी तुंबते, दाब वाढतो. हा बंद कोनाचा प्रकार. कधी हे एकाएकी घडते आणि प्राणांतिक वेदना होतात. पुष्कळदा मात्र पडदा थोडा थोडा चिकटत जातो आणि रोग्याला पत्ताही लागत नाही.

डोळा हा मोजण्याचा पदार्थ आहे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राचा आरंभच नेत्ररोगांनी होतो, आणि तेथे डोळ्याच्या बुडबुड्याची खोली दोन अंगुळे सांगितली आहे. हे अंगूळ ज्याचा डोळा त्याच्याच अंगठ्याचे, असे ग्रंथकार बजावतो. म्हणजे प्रत्येक देहाचे माप त्याच देहाच्या प्रमाणात घ्यावयाचे, हा विचार तेथे आहे. त्याच तंत्रात अधिमंथ नावाचा रोग वर्णिला आहे. डोळा रवीने घुसळावा तसा ठणकतो आणि अर्धे डोके दुखते, असे त्याचे लक्षण दिलेले आहे. आजच्या बऱ्याच अभ्यासकांना त्यात काचबिंदूच्या तीव्र झटक्याची खूण दिसते. आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अधिमंथावर योग्य उपचार झाला नाही तर दृष्टी किती रात्रींत जाईल, याचा हिशेबही सुश्रुताने दिला आहे: कफाचा असेल तर सात रात्री, वाताचा असेल तर सहा, रक्ताचा असेल तर पाच, आणि पित्ताचा असेल तर तत्काळ. हे आकडे आजच्या कसोटीला उतरतात की नाही, हा प्रश्न वेगळा. डोळ्याचे माप आणि रोगाचे भाकीत ही दोन्ही एकाच ग्रंथात आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मात्र त्या दोहोंची गाठ तेथे पडलेली नाही. अमुक मापाच्या डोळ्याला अमुक धोका, असे सुश्रुत म्हणत नाही. ती गाठ पडावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

१८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन तयार केले. डोळ्याच्या काचेची वक्रता मोजण्याचे यंत्रही त्याचेच. १८५७ साली बर्लिनच्या फॉन ग्रेफेने रंगीत पडद्याचा एक लहानसा तुकडा कापून काढला असता काचबिंदूचा तीव्र झटका बरा होतो, हे जाहीर केले. त्यापूर्वी या रोगावर भरवशाचा उपाय नव्हता. गंमत अशी की, उपाय सापडला, पण तो का लागू पडतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. एकाच शस्त्रक्रियेने काही रोगी पूर्ण बरे होत आणि काहींना मुळीच गुण येत नसे, याचेही कारण उमगत नव्हते. १८७६ साली मॅक्स क्नीस याने काचबिंदूने गेलेले डोळे चिरून पाहिले, तेव्हा त्याला पडद्याची कड कोपऱ्यात चिकटलेली आढळली. निचऱ्याचे बुजलेले तोंड प्रथम असे दृष्टीस पडले.

तरीही एक प्रश्न उरला. हे तोंड सगळ्यांचेच का बुजत नाही? याचे उत्तर मोजूनच मिळेल असे ज्याला वाटले, तो बर्मिंगहॅमचा प्रीस्टली स्मिथ. काचबिंदूवरचा त्याचा ग्रंथ १८७९ साली निघाला. त्याने निरनिराळ्या वयाच्या मृत माणसांच्या डोळ्यांतली भिंगे काढून ती मोजली, त्यांची वजने केली, आणि असे दाखविले की डोळ्यातले भिंग आयुष्यभर वाढतच असते. डोळा मात्र तरुणपणानंतर वाढत नाही. घर तेवढेच आणि आतले सामान दरवर्षी थोडे थोडे वाढते, अशातला हा प्रकार. ज्याचे घर मुळातच लहान, त्याच्याकडे दाटी लवकर होणार. काचबिंदूच्या रुग्णांत डोळ्यांचा आकार सरासरीने लहान असतो, हेही स्मिथने मोजून मांडले. हा रोग उतारवयात का गाठतो आणि लहान डोळ्यांना का गाठतो, या दोन्ही गोष्टींचा उलगडा एका कल्पनेत झाला. मापावरून रोगाकडे बोट दाखविण्याचा हा पहिला खरा प्रयत्न, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु जिवंत माणसाचा कोन अजून कोणी नीट पाहिला नव्हता. तो सरळ पाहताच येत नाही. त्या कोपऱ्यातून निघालेला प्रकाश डोळ्याच्या काचेवर आतून आपटून आतच परततो. कॉन्स्टँटिनोपलच्या ट्रांटास या ग्रीक डॉक्टरला १९०७ च्या सुमारास एका विकृत फुगीर डोळ्यात तो ओझरता दिसला. पुढे ऑस्ट्रियात साल्झमान याने डोळ्यावर काचेचे भिंग बसवून तो पाहण्याची रीत काढली. १९२० साली अमेरिकेतील करन याने पाणी अडते ते प्रथम बाहुलीपाशी, असे मत मांडले. बाहुलीची कड भिंगावर घट्ट टेकली म्हणजे मागचे पाणी पुढे येत नाही. मग ते पडद्याला शिडासारखे फुगवते आणि फुगलेली कड चाळणीवर जाऊन बसते. ग्रेफेचा तुकडा का लागू पडत होता याचे उत्तर येथे मिळाले: पडद्याला भोक पडले की अडलेल्या पाण्याला दुसरी वाट मिळते. १९३८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ओटो बार्कनने या सर्वांचा मेळ घालून अरुंद कोनाचा आणि रुंद कोनाचा काचबिंदू असे दोन निराळे रोग मानावेत, असे सांगितले. ऐंशी वर्षे एका नावाखाली नांदलेले दोन रोग वेगळे झाले, आणि ग्रेफेच्या शस्त्रक्रियेचा गुण काहींनाच का येत होता हेही स्पष्ट झाले.

आता मोजणारांची पाळी आली. १९५३ साली स्वीडनच्या टॉर्नक्विस्टने पुढच्या कप्प्याची खोली मोजून ती घराण्यात उतरते, हे दाखविले. उथळ कप्प्याच्या रुग्णाचे नातेवाईकही सर्वसाधारण लोकांपेक्षा उथळ कप्प्याचे निघाले. १९५६ साली ध्वनिलहरींचा उपयोग डोळ्यासाठी होऊ लागला आणि डोळ्याला चीर न पाडता त्याची लांबी व भिंगाची जाडी कळण्याची सोय झाली. मेलबर्नच्या रोनाल्ड लो याने १९७० साली जो हिशेब मांडला, तो फार बोलका आहे. निरोगी डोळ्यांत पुढच्या कप्प्याची खोली सरासरी २.८ मिलिमीटर, तर बंद कोनाच्या डोळ्यांत १.८ मिलिमीटर भरली. तफावत पुरी एक मिलिमीटरची. त्यातील सुमारे एक तृतीयांश भिंग जाड झाल्यामुळे, आणि दोन तृतीयांश भिंग मुळातच पुढे बसलेले असल्यामुळे. ज्वारीच्या दाण्यात मावेल एवढ्या अंतरावर एका माणसाची दृष्टी अवलंबून असते!

याच लोने १९६२ साली आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली होती. तीव्र झटका आलेल्या २०० रुग्णांच्या दुसऱ्या डोळ्याचे काय होते, हे त्याने पाहिले. ज्यांच्या दुसऱ्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली नव्हती, त्यांतील जवळजवळ निम्म्यांना पुढे त्याही डोळ्यात झटका आला. तेव्हापासून एका डोळ्याला झटका आला की दुसऱ्या डोळ्यालाही आधीच वाट करून द्यावी, हा नियम रूढ झाला. पण येथेच विचारी माणसाला अडखळावयास होते. दोन्ही डोळे एकाच देहाचे, मापे जवळजवळ सारखीच, आणि तरीही निम्म्यांच्या दुसऱ्या डोळ्याला झटका आला नाही. मग मापाने सांगितले ते काय? धोक्याच्या वाटेवर कोण उभा आहे, एवढेच सांगितले. त्यापैकी कोण पुढे जाईल हे सांगितले नाही. आमच्या मते पुढच्या साऱ्या इतिहासाचे मर्म या भेदात आहे.

हा भेद मिटवावा म्हणून डॉक्टरांनी नाना युक्त्या योजल्या. संशयित माणसाला अंधाऱ्या खोलीत तासभर पालथे बसवावयाचे व दाब वाढतो का ते पाहावयाचे, ही त्यातली एक. अंधारात बाहुली मोठी होते, पालथेपणाने भिंग पुढे सरकते, आणि रोग आपणहून डोके वर काढील, अशी अपेक्षा. परंतु परीक्षेत नापास झालेले कित्येक पुढे वर्षानुवर्षे सुखरूप राहिले आणि पास झालेल्यांपैकी काहींना झटके आले. दरम्यान १९७० नंतर लेसर किरण आले. पडद्याला भोक पाडावयास आता चाकू नको; काही मिनिटांत, रुग्ण खुर्चीवर बसला असता, ते काम होऊ लागले. उपाय इतका सोपा झाल्यावर मोह वाढणारच. ज्याचा ज्याचा कोन अरुंद, त्याला त्याला लेसर करून टाकावे, असे पुष्कळांना वाटू लागले. तेव्हा भाकिताचा प्रश्न निव्वळ विद्वत्तेचा राहिला नाही. अरुंद कोनाची माणसे आशियात कोट्यवधी. त्या सर्वांना लेसर करावयाचे की काहींनाच? आणि काहींनाच तर कोणाला?

या प्रश्नावर फार मोलाचे काम आपल्या देशात, वेल्लोर येथे झाले. डॉ. रवी थॉमस व त्यांचे सहकारी यांनी १९९५ मधील पाहणीत ज्यांचा कोन अरुंद पण डोळा अजून निर्दोष असे लोक हुडकले होते. २००० साली त्यांतील ५० जणांची पुन्हा तपासणी झाली. पाच वर्षांत ११ जणांचा, म्हणजे शेकडा २२ जणांचा रोग एक पायरी पुढे गेला होता. कोन चिकटू लागला होता किंवा दाब वाढला होता. या अकराही जणांचे दोन्ही डोळे आरंभापासून अरुंद कोनाचे होते. मात्र कोणाच्याही मज्जातंतूला अद्याप इजा झालेली नव्हती. आता मापांचे पाहा. ज्यांचा रोग पुढे गेला आणि ज्यांचा गेला नाही, त्यांच्या डोळ्यांची लांबी, कप्प्याची खोली व भिंगाची जाडी यांत म्हणण्यासारखा फरकच आढळला नाही! लोने ज्या मापांनी रोगी आणि निरोगी यांचे डोळे वेगळे करून दाखविले होते, त्याच मापांना अरुंद कोनवाल्यांमधला उद्याचा रोगी निवडता आला नाही. ज्यांचा कोन पाहणीच्या वेळीच बंद होऊ लागला होता अशा दुसऱ्या २८ जणांपैकी ८ जणांना पाच वर्षांत प्रत्यक्ष काचबिंदू झाला. त्यांत लेसर करून घेतलेल्या ९ पैकी एकाचा, आणि नकार दिलेल्या १९ पैकी ७ जणांचा समावेश होता. संख्या लहान आहेत, हे खरे. परंतु प्रत्येक पायरीवर निर्णय वेगळा असावा लागतो, हे त्यांवरून दिसले. २००२ साली जगातील तज्ज्ञांनी रोगाच्या तीन पायऱ्या निश्चित केल्या होत्याच: पहिला संशयित, दुसरा ज्याचा कोन बंद होऊ लागला आहे तो, आणि तिसरा ज्याचा मज्जातंतू झिजला आहे तो.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. नागपुरापासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या आठ खेड्यांत २००६ ते २००८ या काळात एक मोठी नेत्रपाहणी झाली. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास हे तिचे सूत्रधार. तीस वर्षांवरील ५,८८५ लोकांपैकी ४,७११ जणांनी आपले डोळे मोजू दिले, म्हणजे शंभरातील ऐंशींनी. शेतीवर राबणाऱ्या लोकांच्या डोळ्यांची एवढी तपशीलवार मापे महाराष्ट्रात तोपर्यंत क्वचितच घेतली गेली असतील. डोळ्याची लांबी सरासरी २२.६ मिलिमीटर भरली. उंच माणसाचा डोळा लांब, ठेंगण्याचा आखूड. वय वाढले, भिंग जाड झाले, की पुढचा कप्पा उथळ, असे संबंध त्यात स्पष्ट झाले. सुश्रुताने प्रत्येकाचा डोळा त्याच्याच अंगठ्याने मोजावयास सांगितले, त्याची येथे सहज आठवण होते. परदेशातील उंचनिंच माणसांवरून बांधलेले ठोकताळे आपल्या शेतकरी बायाबापड्यांच्या डोळ्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. आधी आपल्या माणसांचे सर्वसाधारण माप कोणते हे ठाऊक हवे. मग त्यात धोक्याचे कोणते हे ठरविता येते. पहिले काम या आठ खेड्यांनी केले.

दुसऱ्या कामासाठी पुष्कळ माणसे आणि पुष्कळ वर्षे हवी होती. ती चीनमधील ग्वांगजौ येथे लाभली. २००८ पासून तेथे ५० ते ७० वयाच्या ८८९ अरुंद कोनवाल्या लोकांवर एक प्रयोग झाला. प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेसर केले आणि दुसरा तसाच ठेवला. कोणता डोळा निवडावयाचा हे दैवावर सोडले. देह तोच, वय तेच, रक्त तेच; फरक केवळ लेसरचा. सहा वर्षांनी, २०१९ साली, निकाल जाहीर झाला. लेसर न केलेल्या डोळ्यांपैकी ३६ आणि केलेल्यांपैकी १९ डोळ्यांत रोग पुढे सरकला होता. लेसरने धोका निम्म्यावर आला, हे खरे. पण ८८९ जणांना लेसर करून वाचले ते १७ डोळे. म्हणजे सुमारे पन्नास जणांना उपचार करावा तेव्हा एकाचा लाभ. म्हणून सरसकट सर्वांना लेसर करू नये, असा त्या मंडळींनी निष्कर्ष काढला. पुढे तीच माणसे चौदा वर्षांपर्यंत तपासली गेली, तेव्हा आकडे १०५ आणि ३३ असे झाले. फरक १७ वरून ७२ वर गेला. सहा वर्षांच्या दुर्बिणीतून जो धोका बारीक दिसला, तो चौदा वर्षांच्या दुर्बिणीतून बराच मोठा दिसला. भाकीत करणाराने ‘किती काळाचे?’ हा प्रश्न आधी विचारावा, हा यातला बोध.

आणि आता मापांनाही थोडा न्याय मिळाला. लेसर न केलेल्या डोळ्यांत कोणते पुढे बिघडले, हे पाहता जुन्या समजुतीला धक्का देणाऱ्या गोष्टी निघाल्या. टॉर्नक्विस्ट व लो यांच्यापासून सर्वांचे लक्ष कप्प्याच्या मध्यभागाच्या खोलीवर होते. येथे मात्र मध्याची खोली कमी नव्हे तर उलट थोडी अधिक असून ज्यांची कडेची खोली कमी, त्यांना धोका जास्त, असे दिसले. आरंभीचा दाब वरच्या बाजूला असणे हीही एक खूण ठरली. २०२२ साली प्रकाशलहरींच्या साहाय्याने कोनाचा उभा छेद दाखविणाऱ्या यंत्राची चित्रे तपासली गेली. चाळणीजवळच्या ठरावीक बिंदूपासून अर्धा मिलिमीटर अंतरावर काच आणि पडदा यांत किती फट आहे, ते माप उपयोगी पडले: फट जितकी लहान, तितका धोका अधिक. वय वाढेल तसा धोकाही वाढला. आणखी एक नवल म्हणजे फुगीर पडद्यापेक्षा सपाट पडद्याचे डोळे अधिक प्रमाणात बिघडले. करनच्या शिडाच्या कल्पनेने पाहिले तर उलटे व्हावयास हवे होते. याचा अर्थ इतकाच लावता येईल की, बाहुलीपाशी पाणी अडणे हे कोन बंद होण्याचे एकच कारण नाही. विहिरीच्या मध्यावर पाणी किती खोल आहे यावरून काठाची माती ढासळेल की नाही हे कळत नाही. त्यासाठी काठच पाहावा लागतो. दीडशे वर्षे मोजल्यानंतर डॉक्टरांनी काठाकडे पाहावयास आरंभ केला, असे थोडक्यात म्हणता येईल.

तरीसुद्धा ही मापे पंचांगासारखी वापरता येणार नाहीत. ती शंभर माणसांच्या गटाबद्दल बरेच बोलतात, एका माणसाबद्दल थोडेच. शिवाय डोळा स्थिर राहत नाही. प्रीस्टली स्मिथने सांगितल्याप्रमाणे आतले भिंग वाढतच असते. आजची फट पाच वर्षांनी तेवढीच राहील याची शाश्वती नाही. म्हणून एकदा घेतलेल्या मापापेक्षा, त्याच डोळ्याचे काही वर्षांच्या अंतराने घेतलेले दुसरे माप अधिक बोलके असते. कारखान्यात उसाचा उतारा एका गाडीवरून कोणी ठरवीत नाही आणि पावसाचा अंदाज एका सरीवरून कोणी बांधीत नाही. मग डोळ्याच्या बाबतीत तरी एका तपासणीवर निश्चिंत का व्हावे?

श्रोतेहो, इतिहास ऐकून घरी जाताना पदरात काही पडावे, म्हणून आम्ही व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. चाळिशी उलटली की केवळ चष्म्याचा नंबर काढून समाधान मानू नये. डोळ्याचा दाब, मागचा मज्जातंतू आणि कोन हे तिन्ही पाहावयास सांगावे. कोन पाहण्यासाठी डोळ्यावर क्षणभर भिंग टेकवावे लागते. थेंब घालून ते करतात, त्याने दुखत नाही. स्त्रियांनी, ज्यांना लांबचे पाहण्यास अधिक नंबरचा चष्मा लागतो त्यांनी, आणि ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा रोग होता त्यांनी याबाबत विशेष जागरूक राहावे. एकाएकी डोळा लाल होऊन ठणकू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, डोके दुखून उलट्या होऊ लागल्या, तर ते पित्त किंवा अर्धशिशी समजून घरी पडून राहू नये; त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा. कोन अरुंद आहे असे सांगितले गेले असेल, तर सर्दीची वा इतर औषधे घेताना ते डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण काही औषधांनी बाहुली मोठी होते. लेसर करावयाचे की नाही, हे रोग कोणत्या पायरीवर आहे, वय किती आहे आणि पुन्हा तपासणीस येणे आपल्याला जमणार आहे की नाही, यावर ठरते. ज्याला पुन्हा येणे अशक्य, त्याच्या बाबतीत डॉक्टर लवकर निर्णय घेतील, आणि ते रास्तच आहे. रोग वाढलेला असल्यास भिंगच काढून नवे बसविण्याचा उपायही आता आहे. २०१६ साली ४१९ रुग्णांवरील प्रयोगात तो लेसरपेक्षा सरस ठरला. वाढलेले सामान घराबाहेर काढले की जागा मोकळी होते, इतके ते सरळ आहे.

शेवटी एका गोष्टीची नोंद केल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही. ग्रेफे, स्मिथ, बार्कन, लो यांची नावे ग्रंथांत राहिली. परंतु भाकिताच्या विद्येला पाया मिळाला तो पाच वर्षांनी पुन्हा तपासणीला आलेल्या वेल्लोरच्या पन्नास जणांमुळे, कामाचा दिवस मोडून डोळे मोजू देणाऱ्या विदर्भातील खेडुतांमुळे, आणि चौदा वर्षे हजेरी लावणाऱ्या ग्वांगजौच्या नागरिकांमुळे. त्यांतील बहुतेकांना स्वतःला त्या मोजमापाचा फारसा लाभ झाला नसेल. त्यांच्या येण्यामुळे आज आपल्या गावच्या नेत्रवैद्याला अरुंद कोनाच्या बाईला सांगता येते की, ‘घाबरू नका, शंभरातील बहुतेकांना काही होत नाही, पण वर्षाने पुन्हा या.’ या वाक्याचा पूर्वार्ध शास्त्राने मिळवून दिला आहे. उत्तरार्ध पाळणे आपल्या हाती आहे. तेव्हा तपासणीचा कागद जपून ठेवावा, त्यावर पुढची तारीख लिहून घ्यावी, आणि त्या तारखेस घरातल्या कर्त्या माणसाने वडीलधाऱ्यांना घेऊन जावे, एवढीच आमची विनंती आहे.